साडेपाचची बैठक आणि कच्चे बिल

८ नोव्हेंबर २०१६ रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाची दिल्लीत बैठक झाली आणि रात्री आठनंतर पंतप्रधानांनी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द होत असल्याचे जाहीर केले. माहितीच्या अधिकारामुळे २०१९ मध्ये उघड झालेले त्या बैठकीचे इतिवृत्त मला नोटाबंदीवरील सगळ्या वादांपेक्षा अधिक बोलके वाटते. बहुतांश काळा पैसा रोकड स्वरूपात नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत आहे, असे त्यात नमूद आहे. बनावट नोटांचे प्रमाण एकूण चलनाच्या मानाने फारसे मोठे नाही, असेही म्हटले आहे. एवढे सगळे लिहून झाल्यावर मंडळाने नोटा रद्द करण्याच्या प्रस्तावाची शिफारस केली.

पुढे जे झाले ते या नोंदीशी तंतोतंत जुळणारे होते. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी बँकांत परत आले. आश्चर्य वाटावे असे त्यात काही नव्हते, कारण १९४६ मध्येही मोठ्या नोटा रद्द केल्यावर सुमारे १४४ कोटींपैकी सुमारे १३५ कोटी परत आले होते. त्या वेळी गव्हर्नर असलेले चिंतामणराव देशमुख या उपायाबाबत फारसे उत्साही नव्हते, आणि १९७८ च्या नोटाबंदीच्या वेळी गव्हर्नर आय. जी. पटेल यांनाही तो पटलेला नव्हता. चिंतामणरावांनी पुढे मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र अजून अभिमानाने सांगतो. चलनाच्या प्रश्नावर मात्र आक्षेप लिहून ठेवून निर्णय मान्य करण्याचीच रीत आपल्याकडे पडलेली दिसते.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने नोटाबंदी वैध ठरवली. न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या भिन्नमताचा गाभा असा की, केंद्र सरकारच्याच पुढाकाराने एखाद्या मूल्याच्या सगळ्या नोटा रद्द करायच्या असतील तर त्यासाठी कायदा करायला हवा होता. मला हे मत पटते. संसदेत चर्चा झाली असती तर गुप्तता राहिली नसती, हा आक्षेप खरा. पण १९४६ आणि १९७८ मध्ये चर्चेची वाट न पाहता अध्यादेश काढण्यात आले होते, त्यामुळे कायद्याचा मार्ग बंद होता असे म्हणता येत नाही. शिवाय ज्या २०१७ च्या अर्थसंकल्पात राजकीय पक्षांना निनावी रोख देणगी घेण्याची मर्यादा वीस हजारांवरून दोन हजारांवर आणली, त्याच अर्थसंकल्पात देणगीदाराचे नाव मतदारांपासून लपवणाऱ्या निवडणूक रोख्यांची घोषणा झाली. ते रोखे न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवेपर्यंत चालू होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून पै-पैचा हिशेब मागणाऱ्या राज्यकर्त्यांनी स्वतःपुरती एवढी सोय करून घ्यावी, याला दुटप्पीपणाच म्हणावे लागेल.

तरीही सगळा दोष दिल्लीवर टाकून मोकळे होणे मला जमत नाही. त्या नोटा परत आल्या त्या कोणाच्या तरी हातांनी: कमिशन घेऊन दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात भरणारे, नोकरांना रांगेत उभे करणारे मालक, त्याच रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवून सोने विकणारे सराफ आणि ते घेणारे गिऱ्हाईक. यांतले कितीतरी जण सकाळी निर्णयाचे स्वागत करत होते. घराच्या व्यवहारात ‘व्हाइट किती, ब्लॅक किती’ हा प्रश्न आजही कोणी दबक्या आवाजात विचारत नाही. प्रामाणिक खरेदीदाराला संपूर्ण रक्कम धनादेशाने द्यायची असली, तरी विक्रेता तयार नसतो आणि दुसरे गिऱ्हाईक दारात उभे असते. म्हणून इथे निव्वळ सचोटीचा उपदेश पुरत नाही, मुद्रांक शुल्काचे दर आणि रेडी रेकनर, म्हणजे हे शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे भाव, यांचाही विचार करावा लागतो. पण रंगकाम किंवा फरशी बसवण्याचे पक्के बिल मागताना तर असली कोणतीही अडचण नसते. तिथे प्रश्न फक्त अठरा टक्के जीएसटीचा असतो, आणि तो वाचवायचा की नाही हे ठरवणारे आपण एकटेच असतो.