हलवतंय कोण, हलतंय कोण?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे कुठल्याही थरथरणाऱ्या वस्तूबद्दल दोनच प्रश्न असत : हलवतंय कोण? आणि हलतंय कोण? वाळूजच्या कारखान्यात इंजिनांची कंपनं तपासणं हे आज माझं काम आहे, आणि माझी सगळी तपासणी याच दोन प्रश्नांवर चालते.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक सोनोमीटर होता. लांब लाकडी पेटी, वर ताणलेली तार, टोकाला लोंबणारी वजनं. सर तारेवर मधोमध कागदाचा दुमडलेला कपटा ठेवत, नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटत आणि त्याचा दांडा पेटीवर टेकवत. कपटा ढिम्म. मग तारेखालची घोडी केसभर सरकवायची, पुन्हा काटा टेकवायचा. असं करता करता एका जागी कपटा थरथरे आणि टुणकन उडून पडे. तारेला कुणी बोटही लावलेलं नसे! सेकंदाला 256 कंपनांच्या काट्याऐवजी 512 चा काटा घेतला, की तारेची लांबी निम्मी करावी लागे. हलवणाऱ्याची कंपनं हलणाऱ्याच्या स्वतःच्या कंपनांशी जुळली की ते जोरात हलू लागतं, हाच अनुनाद. तो आम्ही असा डोळ्यांनी पाहिला.

गावात सप्ताह बसला की सर आम्हाला पखवाजाजवळ बसवत. वादक डाव्या पुडीला ओली कणीक थापत. वजन वाढलं की पुडी सावकाश हलते आणि आवाज खर्जात उतरतो. हलगीचं उलट. ती शेकली की चामडं आवळतं, आवाज चढतो. पण हलगीला नेमका सूर नसतो, कारण साध्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14 अशा आडनिड्या पटींत निघतात. पखवाजाच्या उजव्या पुडीवर, तसंच तबल्यावर, थरावर थर घोटलेली शाई त्यांना जवळजवळ पूर्ण पटींत आणून बसवते. सी. व्ही. रमण यांनी हे 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, नोबेलच्या दहा वर्षं आधी. आपल्या कारागिरांनी कानाने साधलेली ही गोष्ट मला आजही थक्क करते.

इंजिनालाही तेच दोन प्रश्न लागू पडतात. विहिरीवरचं एका सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं डिझेल इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा दणके. पिस्टनच्या वरखाली होण्याचे हिसके वेगळे, ते सेकंदाला 25. एका ओळीतल्या चार सिलिंडरांत हे हिसके एकमेकांना रद्द करतात. मात्र पिस्टनला फिरत्या शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने दुप्पट वारंवारतेचा हिसका शिल्लक राहतो. त्यावर उतारा म्हणून काही इंजिनांत दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट बसवतात.

उभ्या एसटीच्या काचा खडखडतात आणि ड्रायव्हरने रेस दिली की गप्प होतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. इंजिनाचे दणके तेव्हा काचेच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळलेले असतात. कारखान्यात 'इंजिन फार हलतंय' अशी तक्रार आली, की मी आधी आजूबाजूचे ब्रॅकेट हातोडीने टोकून पाहतो. पुष्कळदा इंजिन निर्दोष असतं, एखादा ब्रॅकेटच त्याच्या तालावर नाचत असतो. त्याला एक पट्टी जोडून ताठ केला, की काम भागतं.

आता मुलांच्या घरच्या मोबाइलमध्येही कंपन टिपणारा सेन्सर असतो. तो आमच्या शाळेच्या पाण्याच्या मोटारीवर ठेवून आलेख काढता येईल. सोनोमीटरची तार जुनी झाली असेल तर ती बदलून द्यायला आणि नववी-दहावीच्या मुलांसोबत हा प्रयोग करायला मी केव्हाही यायला तयार आहे. शाळेने फक्त दिवस कळवावा.