तुम्ही विचारलंत म्हणून : उपमा सुचते कशी?

कथावाचन संपलं की कुणीतरी हटकून विचारतं, "तुम्हाला उपमा सुचतात तरी कशा? आणि किती वापराव्यात?" निघायच्या घाईत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज सवडीने लिहितो.

शाळेत आपण उपमेचे चार भाग शिकलो : उपमेय, उपमान, समान धर्म आणि 'सारखा', 'जसा' असा जोडणारा शब्द. लिहायला बसलं की सगळं लक्ष उपमानाकडे जातं. चंद्र आणू का, कमळ आणू? माझ्या मते खरी मेहनत समान धर्मावर घ्यायची असते. दोन गोष्टींत नेमकं काय सारखं आहे हे आपल्यालाच उमगलं नसेल, तर उपमान कितीही देखणं असो, वाक्य पोकळच वाजतं.

फणसाचंच घ्या. 'कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटेरी, आतून गोड' हे इतक्यांनी लिहून झालंय की आता वाचताना काटाही टोचत नाही आणि गराही दिसत नाही. पण फणस फोडणाऱ्याला विचारा. आई आधी गोणपाट पसरायची, सुरीला आणि कोपरापर्यंत हातांना खोबरेल चोपडायची, मग पहिला घाव. तरी चीक लागायचाच. नुसत्या पाण्याने तो हलत नाही, पुन्हा तेलच चोळावं लागतं. गऱ्यांवर सगळे लिहितात, चिकावर कुणी लिहीत नाही.

माझ्या एका कथेत चार भावांच्या सामायिक घराची वाटणी होती. पहिल्या पानावर मी पडवीत फणस फोडून घेतला, तेल, चीक, सगळं दाखवून. पुढे मोठा भाऊ वाटणीचा विषय काढतो तिथे एवढंच लिहिलं : 'अण्णांनी या गोष्टीला हात घातला तो तेल न लावता.' फणसाचं नाव नाही, 'सारखा' नाही. तरी वाचणाऱ्याची बोटं चिकटतात.

गावात लिहिणारी मुलं कधीमधी माझ्याकडे बसतात. त्यातल्या एकीच्या कथेत मुंबईला गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई होती. 'तिच्या मनात विचारांची भरती-ओहोटी चालली होती,' असं वाक्य होतं. मुलगी मच्छीमाराच्या घरातली. मी विचारलं, "अष्टमीच्या पाण्याला घरी काय म्हणता गं?" म्हणाली, "भांग." अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्याची ओढ एकमेकींना काटकोनात पडते आणि पाणी ना धड चढतं, ना धड उतरतं. ती जरा वेळ गप्प बसली. मग लिहिलं : 'फोन येऊन आठ दिवस झाले. तिच्या आत भांगाचं पाणी होतं.'

"पण पुण्याच्या वाचकाला भांग कळेल का?" तिची शंका रास्त होती. उपाय फणसासारखाच. आधीच्या प्रसंगात जेटीवरचं कुणीतरी म्हणू दे, "आज भांग, पाणी चढायचं नाही." पुरे झालं.

घरचे शब्द गावठी वाटतील, ही भीती मात्र मनातून काढून टाका. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिचे दृष्टान्त दिव्याचे, पाण्याचे, सोन्याच्या दागिन्यांचे, गाय-वासराचे आहेत. एवढं गहन तत्त्वज्ञान घरातल्या-गोठ्यातल्या गोष्टींनी पेललं.

उत्प्रेक्षेबद्दल थोडंच. 'जणू' लिहिताना हे कुणाला वाटतंय ते स्वतःला विचारा. खाडीवरचं धुकं बाळंतिणीला वेगळं दिसेल, होडी चालवणाऱ्या तांडेलाला वेगळं. रूपकात, सुरुवातीला ज्याला होडी केलं त्याला वाक्याच्या शेवटी नांगराला जुंपू नका. आणि 'समुद्र रडत होता' वगैरे लिहायच्या आधी एकदा किनाऱ्यावर जाऊन तो काय करतोय ते बघून या.

राहिलं 'किती'. एका परिच्छेदात दोन उपमा आल्या की मी एक काढतो, बहुतेक वेळा जी जास्त सुंदर असते तीच. ती वाचकाला गोष्टीतून उठवून माझ्याकडे बघायला लावते. वाटणीच्या कथेवर शेवटचा हात फिरवताना अशा सात खोडल्या. पावसाची होती, आईच्या हातांची होती, एक तर मला फारच आवडलेली, माडांवरच्या चांदण्याची. चिकाची ठेवली.