फडावरचे मूल कोणत्या नोंदवहीत? निपाणी ते खानापूर, सहा दिवस

जानेवारी 2026 च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात सहा दिवस फिरून आलो. आमच्यातले गुरुजी चिकोडी तालुक्यातल्या मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, अक्का अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या आणि त्यांना कन्नड लिहिता-वाचता येते, आणि टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. बालविवाह, बालमजुरी, शाळागळती आणि जन्मनोंदणी यांची जी आकडेवारी दिल्लीत आणि बंगळूरात प्रसिद्ध होते, ती ज्या नोंदवह्यांतून वर चढत जाते, त्या नोंदवह्यांत राज्याची हद्द ओलांडणारे मूल सापडते का, एवढेच आम्हाला पाहायचे होते. भारताने बालहक्क संहिता 1992 साली स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2014 मध्ये भारताच्या अहवालावर जे अभिप्राय दिले, त्यांत माहिती-संकलनाची व्यवस्था सुधारण्याची शिफारस होती. ती सुधारणा कोठून सुरू व्हायला हवी, याचे आमच्यापुरते उत्तर या प्रवासात मिळाले. पुढच्या हंगामात कोणी जाणार असेल, तर उपयोगी पडावे म्हणून वाटेवरचे व्यवहारही सोबत लिहीत आहे.

कोल्हापूरहून कागल, कोगनोळीमार्गे निपाणीला दोन्ही राज्यांच्या गाड्या सतत मिळतात, त्यामुळे पहिला मुक्काम तेथे करणे सोयीचे आहे. निपाणीत तंबाखूचा व्यापार आहे आणि विड्या वळण्याचे काम घराघरांत चालते. दुपारी शाळा सुटल्यावर गेलो, तर मुली आईशेजारी सूप घेऊन बसलेल्या दिसल्या. ‘काम करतेस का?’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येते; ‘घरी आल्यावर काय काय करतेस?’ असे विचारले की पाने कातरण्यापासून बंडल बांधण्यापर्यंत सगळे क्रमाने सांगितले जाते. प्रश्नाच्या शब्दांनीच आकडा कसा बदलतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी उमगले. 2011 च्या जनगणनेत 5 ते 14 वयोगटातली सुमारे 1.01 कोटी मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली, परंतु त्यांतली मुख्य कामगार म्हणून मोजलेली मुले सुमारे 43.5 लाखच होती. वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणारा तो सीमांतिक कामगार. उसाचा हंगाम साधारणपणे पाच-सहा महिन्यांत आटोपत असल्याने फडावर राबणारे मूल, मोजले गेलेच तर, बहुधा दुसऱ्या रकान्यात जाणार.

दुसऱ्या दिवशी चिकोडीहून कागवाड, अथणीच्या उसाच्या पट्ट्यात शिरलो, आणि सहांपैकी अडीच दिवस तेथेच गेले. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरप्रमाणे इकडेही दिवाळीनंतर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. तोडणीला माणसे पहाटे अंधारात निघतात आणि गाडी भरण्याचे काम रात्रीपर्यंत चालते, म्हणून कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, जायचे तर दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. त्या वेळी मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळत असते आणि एखादी आई जेवण करायला आलेली असते. मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या म्होरक्याची, आधी ओळख करून घ्यावी, पण मुलांविषयीचे प्रश्न त्याच्यासमोर विचारू नयेत. त्याच्याकडची यादी ही या भागातली सर्वांत काटेकोर यादी, कारण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच यादीवर दिलेली असते. मात्र ती कोयत्यांची यादी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या जोडीबरोबर आलेली दोन किंवा चार मुले त्या हिशेबात कोठेच येत नाहीत. ज्या नोंदीमागे पैसा आहे तिच्यातही मुलाला जागा नाही, ही गोष्ट मला त्या दिवसभर सलत राहिली.

वय विचारणे हे वेगळे शास्त्र आहे. ‘किती वर्षांचा?’ या प्रश्नाला पाच, आठ, दहा अशी ठोकळ उत्तरे येतात. अक्कांनी प्रसंगांची यादी करून ठेवली होती: 2019 चा महापूर, 2020 चा लॉकडाऊन, 2021 चा पूर. एका आईने सांगितले, “पूर येऊन गेल्यावर जो हंगाम आला ना ताई, त्यात झाला, इकडंच. गाड्या बंद व्हायच्या आधी.” एवढ्यावरून जन्म नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या दरम्यानचा ठरला. मूल सहाच्या आसपासचे होते, म्हणजे पहिलीच्या वयाचे, आणि त्याचा कोणताही कागद तिच्याजवळ नव्हता. शाळेच्या जुन्या नोंदवह्यांत निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जून का असतो, हे गुरुजींनी त्याच कोपीसमोर बसून समजावले: दाखला नसला की प्रवेशाला सोयीची तारीख शिक्षकच घालत, आणि पुढे लग्नाचे वय ठरवताना, बालविवाहाच्या तक्रारीतही, तीच तारीख पुरावा ठरते.

त्या बाईला बरोबर घेऊन आम्ही तिसऱ्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. आई किंवा वडील सोबत असल्याशिवाय अशी नोंदवही कोणी मागू नये. तसा आपल्याला अधिकारही नाही. जन्माची नोंद कुटुंब कोठले आहे यावर नव्हे, तर जन्म जेथे झाला त्या ठिकाणी होते, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. जन्म नोंदवण्याची नेहमीची मुदत 21 दिवसांची आहे. बीडच्या मुलाची नोंद म्हणून कर्नाटकात, आणि दाखला कन्नड व इंग्रजीत. उलट कागवाड, अथणीच्या बायका अवघड बाळंतपणासाठी मिरजेला जातात, आणि चंदगडकडची माणसे बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत येतात, तेव्हा एका जिल्ह्यात जन्म वाढलेले दिसतात आणि शेजारच्या जिल्ह्यात घटलेले. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. निपाणीच्या सुनेचे माहेर गडहिंग्लजला असले की ते बाळ निपाणीच्या अंगणवाडीत असते आणि जन्मनोंदीत महाराष्ट्रात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे 2019-21 मध्ये, पाच वर्षांखालच्या 89.1 टक्के मुलांचे जन्म नोंदलेले होते. आधीच्या फेरीत हे प्रमाण 79.7 टक्के होते. ही प्रगती खरीच आहे. परंतु त्या सर्वेक्षणासाठी गावे आणि घरे निवडण्याचा पाया 2011 च्या जनगणनेचा होता, आणि उसाच्या कडेला नोव्हेंबरात उभी राहून एप्रिलात मोडणारी कोपी त्या पायात बसत नाही.

शाळांचे पाहू. राज्याबाहेर जाणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे, आणि कर्नाटकात स्थलांतरितांच्या मुलांसाठी तंबूशाळा व हंगामी वसतिगृहे चालवण्याची पद्धत आहे. आम्ही भेटलो त्या आयांपैकी एकीच्याच पेटीत ते कार्ड निघाले. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीसाठी कर्नाटकात सॅट्स क्रमांक असतो, महाराष्ट्रात सरल प्रणाली आहे, आणि दोन्हींच्या वर केंद्राची युडायस प्लस प्रणाली, जी 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेते. शाळा सोडून गेलेले मूल दुसऱ्या शाळेने आपल्याकडे ओढून घेतले नाही, तर ते त्या प्रणालीच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहते. पद्धत बदलताच देशाची पटसंख्या सुमारे 26.5 कोटींवरून 25.2 कोटींवर आली. इतकी मुले एका वर्षात शाळेबाहेर गेली असे नव्हे, मोजण्याची तऱ्हा पालटली. म्हणून जाणाऱ्यांनी एक काम अवश्य करावे: मुलाच्या मूळ शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक आईकडून किंवा फोनवरून शाळेकडून मिळवावा आणि इकडच्या मुख्याध्यापकांना द्यावा. तो हाती आला की मूल ओढून घेणे सोपे जाते. तो नसला की मुख्याध्यापक, कितीही सहृदय असले तरी, त्याला पाहुणा म्हणून वर्गात बसवतात आणि पटावर घेत नाहीत.

आता येणाऱ्या जनगणनेविषयी, कारण त्यासाठीच पुढच्या हंगामात जाणे निकडीचे आहे. आमच्या भागासाठी जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरली जाते तो, 1 मार्च 2027 हा आहे, आणि प्रत्यक्ष लोकगणना त्याआधी फेब्रुवारीत होणार. घरयादीचे काम मात्र एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात, म्हणजे टोळ्या परतल्यानंतर आणि पुन्हा येण्याच्या आधी. घरयादी करताना शेतात एकही कोपी उभी नसेल, आणि माणसे मोजताना त्याच शेतात वस्त्याच्या वस्त्या असतील. गणकाला नवी घरे जोडता येतात, पण फडात वस्ती आहे हे त्याला ठाऊक असले तरच तो तेथवर जाणार. तिकडे बीडमधले घर कुलूपबंद दिसणार. तालुक्यात तहसीलदार हे जनगणनेचे प्रमुख, म्हणजे चार्ज अधिकारी, असतात. डिसेंबर 2026 मध्ये कोपीवस्त्यांची गावनिहाय यादी, शेताची ओळख आणि मुकादमाशी संपर्काचा मार्ग यांसह, मुलांची नावे न घालता, त्यांच्याकडे कन्नडमध्ये लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. साखर कारखान्याच्या शेती विभागाला कोणती टोळी कोणत्या गावात आहे हे रोजच्या रोज माहीत असते. विनंती तेथून सुरू केली तर पायपीट वाचते.

बालविवाहाच्या आकड्यांवर आम्ही चिकोडीत एक संध्याकाळ बोलत बसलो होतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण कर्नाटकात 21.3 टक्के आणि महाराष्ट्रात 21.9 टक्के आहे. याउलट बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली 2021 मध्ये देशभरात नोंदलेले गुन्हे होते 1,050. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला काय घडले ते सांगतो, दुसरा पोलिसांपर्यंत काय पोहोचले ते. कर्नाटकाने 2016 च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच अवैध ठरवला आहे, महाराष्ट्रात केंद्राचाच कायदा लागू आहे, आणि हद्दीपलीकडचे गाव दोन कोसांवर असते. लग्न पलीकडे लागले की इकडची ग्रामपंचायत ‘आमच्याकडे झाले नाही’ असे लिहिते, आणि तेही खोटे नसते. एका कार्यालयात आम्हाला अशा तक्रारींची वही दाखवण्यास नकार मिळाला. नावांच्या बाबतीत तो नकार योग्यच होता, कारण बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. नुसती संख्या मात्र माहिती अधिकाराखाली मागता येते. याच कारणाने कोपीवर मुलांचे फोटो काढू नयेत. प्रत्यक्ष धोक्यातले मूल दिसले तर वहीत टिपून पुढे न जाता 1098 वर फोन करावा. हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

पाचव्या दिवशी यल्लम्माच्या सौंदत्तीला गेलो. देवदासींची कर्नाटकात 1993-94 आणि 2007-08 अशी दोन सर्वेक्षणे झाली आणि त्यांत मिळून 46,660 स्त्रिया नोंदल्या गेल्या. ती गणना स्त्रियांची होती. त्यांच्या मुलांची, विशेषतः वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा राहतो म्हणून अडलेल्या मुलांची, स्वतंत्र नोंद करण्याची गरज आहे. यात्रेच्या पौर्णिमेला तेथे असे काही विचारायला जाऊ नये.

खानापुरात सहावा दिवस गेला. भीमगड अभयारण्यातल्या वाड्या पावसाळ्यात तुटतात, तेव्हा तिकडे जायचे ते डिसेंबर ते मे, आणि वन विभागाची परवानगी आधी घेऊन. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींत मुलांची ग्रामसभा भरते, तिला मक्कळ ग्रामसभा म्हणतात. तिची इतिवृत्ते पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, मागावीत, कारण कोणती मुले शाळेत येत नाहीत हे तेथे मुलेच सांगतात. आमच्यासमोर वाचलेल्या एका इतिवृत्तात, शेळ्या राखणाऱ्या तीन मुलांचा उल्लेख होता. शाळेच्या पटावर ती तिन्ही नियमित हजर होती.

आरोग्य केंद्राचे सांगायचे राहिले. जानेवारी 2020 च्या पानावर त्या आईचे नाव सापडले, पुढे नवऱ्याचे नाव, गाव, तालुका आणि ‘गंडु मगु’, म्हणजे मुलगा. जन्म रीतसर नोंदला गेला होता, पण मुलाच्या नावाचा रकाना कोरा होता, कारण बारशाच्या आधीच टोळी पुढच्या फडावर गेली होती. असे नाव नोंदीत घालण्यासाठी जन्मनोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत, विलंब शुल्क भरून, अर्ज करता येतो. अक्कांनी तेथेच बाकावर बसून कन्नडमध्ये अर्ज लिहिला, आईने अंगठा उमटवला, आणि मुलाचे नाव कसे लिहायचे ते त्याने स्वतः दोनदा मोठ्याने सांगितले.