अधिवेशनाच्या आदल्या रविवारी

रविवार, ७ डिसेंबर

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतला, दुसरा रविवार. म्हणजे वाचनात बाप्तिस्मा करणारा योहान आलाच, येशूच्या आधी येऊन लोकांना पश्चात्ताप करायला सांगणारा. दरवर्षी येतो. चर्चमध्ये तारे लागलेले असतात, कॅरोलसाठी कोणाच्या घरी कोणत्या दिवशी जायचं यावरून थोडी कुरबुर चालू असते, घरोघरी केकचा सुका मेवा भिजत पडलेला असतो. अशात हा उंटाच्या केसांचा झगा घातलेला, टोळ आणि रानमध खाणारा माणूस मध्येच उभा राहतो आणि धर्मपुढाऱ्यांना तोंडावर ‘सापाच्या पिल्लांनो’ म्हणतो. नाताळच्या देखाव्यात गव्हाणी असते, मेंढपाळ असतात, मागी लोक असतात, मेंढ्या तर हव्या तितक्या. योहानाचा पुतळा मी अजून कुठल्या देखाव्यात पाहिला नाही. ठेवणार तरी कुठे त्याला?

आजचा पाठ, म्हणजे बायबलमधलं वाचन, मत्तयच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा, त्याच्या वाटा नीट करा. आणि उद्यापासून इथे नागपुरात हिवाळी अधिवेशन! सिव्हिल लाइन्समधून येताना रस्ता ओळखू येत नव्हता. विधानभवनापासून मंत्री उतरतात त्या रविभवनाकडे काळंकुळीत ताजं डांबर, दुभाजकाला पिवळे-काळे पट्टे, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. एका ठिकाणी रंगाऱ्यानं पट्टा ओढता ओढता खाली पडलेलं वाळकं पानही रंगवून टाकलंय. अर्धं पिवळं, अर्धं काळं, कडेला तसंच चिकटलेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला खड्डा मात्र पावसाळ्यापासून आहे तसा आहे. कोणीतरी त्यात विटांचे तुकडे टाकलेत, एवढाच काय तो विकास. ताफा जिथून जातो तेवढाच रस्ता.

पाळकसाहेबांनी उपदेशात हा दाखला दिलाच, सगळे हसलेही. डिसेंबरात नागपूरच्या पाळकाला हा दाखला चुकवता येणं कठीणच. पण ‘आपापलं अंतःकरण स्वच्छ करा’ इथे येऊन ते थांबले, आणि मला तिथेच चुटपुट लागली. मार्ग सिद्ध करा हे वचन मुळात जुन्या करारातल्या यशयाचं, बाबेलच्या बंदिवासातल्या यहुदी लोकांना दिलेलं सांत्वन. त्यात खोरी वर उचलायची आहेत, डोंगर सखल करायचे आहेत. ते काही चुना लावण्याचं काम नाही. मृत समुद्राजवळ कुमरानला जी यहुदी पंथाची मंडळी वस्ती करून होती, त्यांनीही हेच वचन आपल्यासाठी घेतलं होतं. त्यांच्या नियमांच्या गुंडाळीत ते सापडतं. जो आपला वाईट मार्ग सोडत नाही त्याला कुठलंही पाणी शुद्ध करू शकत नाही, असंही त्याच गुंडाळीत आहे. योहान त्यांच्यातलाच होता का, यावर विद्वान भांडोत. फरक मला दिसतो तो एवढाच, की त्यांनी लोकांपासून बाजूला होऊन वाट तयार केली आणि योहानाकडे जकातदार, शिपाई, कोणीही येऊ शकत होतं.

आणि ते आले. हे मत्तय सांगत नाही, दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात ‘आम्ही काय करावं?’ हा एकच प्रश्न तीनदा येतो. एकदा लोकसमुदाय विचारतो, एकदा जकातदार, एकदा शिपाई. योहान कोणालाही उपास धरा म्हणत नाही, मंदिरात जाऊन यज्ञ करा म्हणत नाही. नोकरी सोडा असंही म्हणत नाही, याचं मला कायम नवल वाटतं. दोन अंगरखे असतील तर एक द्या. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त वसूल करू नका. धाकदपटशानं किंवा खोटा आळ घालून कोणाचे पैसे उकळू नका, पगारात भागवा. बस. पण हे बस म्हणण्याइतकं सोपं नव्हतं. त्या काळी जकातीचा ठेका घेणारा सरकारला ठरलेली रक्कम देऊन मोकळा होई आणि मग नाक्यावर वसुलीला बसे. वरचं जे सुटेल ते त्याचं. वरचं घेऊ नको म्हटल्यावर त्यानं खायचं काय?

उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी काका भेटले. त्यांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली, नाके बंद व्हायच्या आधीच रिटायर झाले. मी म्हटलं, “सलाम काका, आज तुमचा पाठ नव्हता.” ते बशीत चहा ओतत म्हणाले, “हव ना बेटा, आमी लूकात आहो. मत्तयानं आमाले सोडून देल्लं.” मग स्वतःच सुरू झाले. रात्री दोनला ट्रक येते, ट्रकवाल्याले घाई, आपल्याले झोप. पावती कमीची फाडाची, फरक अर्धा अर्धा. तो बी खुश, आपुन बी खुश. एका आगमनकाळात हाच लूकचा पाठ ऐकून त्यांनी पावतीबिगर पैसा घ्यायचा नाही असं ठरवलं. “मंग का आनंद बिनंद झाला मनाले? काई नाई. साहेबानं कायमची रातपाळी लावून देल्ली. तुह्या काकू म्हने, देवानं तुमाले हेच सांगतलं का?” एवढं बोलून त्यांनी साखर कमी आहे म्हणून आणखी एक चमचा मागितला, डायबिटीस असताना. काकू लांबून बघत होत्या.

काकांना पाळकसाहेबांनी एकदा व्यासपीठावर बोलवायला पाहिजे. येणार नाहीत ते.

नंतर मी घेते तो दृढीकरणाचा वर्ग, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठेपणी विश्वास कबूल करण्याआधीचा. पोरं झोपेत होती, थंडीही होती. नववीतली एक मुलगी, जी एरवी वहीच्या मागच्या पानावर मेंदीचे नमुने काढत बसते, तिनं विचारलं, “मॅडम, बाप्तिस्मा पापांसाठी आहे ना? येशूनं तर पापच नव्हतं केलं. तो काऊन गेला लाइनीत?” पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनाही हा प्रश्न अडचणीचा वाटला असणार, हे येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवली की कळतं. मार्क सरळ सांगून मोकळा होतो, येशू आला आणि योहानानं बाप्तिस्मा दिला. मत्तयात योहान आढेवेढे घेतो, मीच तुमच्या हातून घ्यायला हवा म्हणतो. लूक आधी योहानाला तुरुंगात टाकल्याचं सांगून घेतो आणि मग बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख करतो. चौथ्या शुभवर्तमानात पाण्यात उतरल्याचं वर्णनच नाही. इतकी अवघडलेली गोष्ट कोणी मुद्दाम रचणार नाही, म्हणून ही घटना नक्की घडली असं इतिहासाचे अभ्यासकही मानतात.

मुलीला मी मत्तयातलं उत्तर वाचून दाखवलं, सर्व धर्माचरण पूर्ण करायचं म्हणून. तिच्या चेहऱ्यावरून ते पोचलेलं दिसलं नाही. मग म्हटलं, उद्या कोण कोण येणार आहे शहरात? मंत्री. ते कसे येतील? सगळी पोरं एकदम जागी झाली, सायरन, पायलट गाडी, चौकात थांबवलेला ट्रॅफिक, सगळं सांगून झालं. म्हटलं, योहान ज्याच्यासाठी वाट नीट करत होता तो असा येईल असंच लोकांना वाटत होतं. आणि तो होता जकातदाराच्या मागे उभा. मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे योहानाले पण माहीत नव्हतं?” त्याचं उत्तर पुढच्या रविवारी, असं सांगून मी वेळ मारून नेली. खरंच तो पाठ पुढच्या रविवारीच आहे.

दुपारी नणंद आली होती. ती आता एका फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या स्वतंत्र मंडळीला, जाते, तिथे टाकीत बुडवून बाप्तिस्मा देतात. आमच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याला ती ‘दोन थेंब’ म्हणते. जेवताना पुन्हा तोच विषय. मी तिला सांगितलं, हे भांडण आपल्याच गावात एकदा मिटवून झालंय. २९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच कळत्या वयात विश्वास कबूल केल्याशिवाय पाण्याला हात न लावू देणारे बाप्टिस्टही होते. वर्षानुवर्षं बोलणी चालली आणि शेवटी दोन्ही प्रथा मान्य केल्या. नणंद म्हणाली, “म्हणजे तडजोड.” तडजोड तर तडजोड. दिदाखे नावाची आरंभीच्या मंडळीची एक पुस्तिका आहे. तिच्यात वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं घ्या, थंड चालत नसेल तर कोमट घ्या, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता असं चक्क लिहून ठेवलंय. कोमटावर ती हसली. त्यांच्या टाकीचं पाणी या दिवसांत बर्फासारखं असतं म्हणे.

बाप्तिस्म्याचं पाणी आधी की मनाचा पालट आधी, यावर मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी त्यांचं सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. मग राहुरीला असताना एक दिवस त्यांना पटलं की जाती देवानं केलेल्या नाहीत, आणि आजपासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हातातला पेला आधी बदलला. पश्चात्तापाला शोभेल असं जे फळ योहान मागतो ते मला असं दिसतं. नणंदेला हे सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती, काही बोलली नाही, पण वादही घातला नाही.

आता पुढच्या रविवारची तयारी. मत्तयचा अकरावा अध्याय. योहान हेरोद राजाच्या तुरुंगात आहे आणि शिष्यांकडून निरोप पाठवतो, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्यानं जन्मभर वाट नीट केली तोच विचारतो. येणारा न्याय करील म्हणून त्यानं कुऱ्हाड सांगितली होती, सूप आणि न विझणारी आग सांगितली होती, यातलं काहीच दिसेना. येशू होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जे ऐकता आणि पाहता ते जाऊन योहानाला कळवा, म्हणतो. तुरुंगाचं दार उघडेल असं त्यात कुठे नाही, आणि ते उघडलंही नाही.

हा निरोप ऐकून योहानाचं समाधान झालं का, हे शुभवर्तमानांत नाही. ती मुलगी नेमकं हेच विचारणार. विचारलं तर लिहिलेलं नाही म्हणून सांगेन आणि तिला काय वाटतं ते तिलाच विचारेन. मत्तयसोबत लूकचा तिसरा अध्यायही झेरॉक्स करून न्यायचा आहे. काकांना अर्धा तास वर्गात येऊन बसाल का म्हणून संध्याकाळी फोन केला होता. “पोट्ट्यायसमोर का सांगू मी?” म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.