सेव्हर्न व्हॅलीच्या डब्यांतील 24 व्होल्ट

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ अशी सुमारे 16 मैल धावणारी सेव्हर्न व्हॅली रेल्वे 1970 मध्ये हौशी लोकांनी पुन्हा सुरू केली. येथे स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या बहुतेकांचा डोळा वाफेच्या इंजिनावर असतो. मी मात्र डब्यांच्या विजेच्या कामाला लागलो, कारण मध्य रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात उमेदवारी करताना डब्याखालच्या बॅटऱ्यांशी ओळख झाली होती. तेथे 110 व्होल्टची व्यवस्था होती, येथे 24 व्होल्टची आहे.

ब्रिटिश रेल्वेने 1951 पासून वापरात आणलेल्या मार्क वन डब्यांत दिव्यांसाठी इंजिनाकडून वीज येत नाही. डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो गाडीबरोबर फिरतो आणि पुरेसा वेग आला की रेग्युलेटरमार्फत बॅटरी भरू लागतो. गाडी उलट दिशेने निघाली की अशा डायनॅमोचे ध्रुवही एरवी उलटले असते. स्टोन कंपनीच्या डायनॅमोत त्यावर देखणा उपाय आहे: ब्रश (वीज बाहेर घेणारे कार्बनचे तुकडे) बसवलेली चौकट कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या नळकांड्याच्या, घर्षणानेच फिरण्याच्या दिशेला सरकते आणि अडणीला टेकून थांबते, त्यामुळे गाडी कोणत्याही दिशेने गेली तरी धन टोक धनच राहते. त्यासाठी वेगळा स्विच लागत नाही. झाकण काढून ती चौकट हाताने सरकवून पाहिली की ज्याने ही युक्ती काढली, त्याचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही.

अडचण वेगाची आहे. हे डबे मुख्य मार्गावरील गाड्यांसाठी बांधलेले, तर ब्रिटनमधील हेरिटेज रेल्वेवर, म्हणजे आमच्यासारख्या जतन केलेल्या जुन्या मार्गांवर, वेगमर्यादा सहसा ताशी 25 मैलांची असते आणि स्थानकेही जवळजवळ. डायनॅमो बॅटरी भरू लागतो न लागतो तोच ब्रेक लागतात. म्हणून डबा शेडमध्ये आला की बाहेरच्या चार्जरवर लावायचा, बाराही सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचे, हायड्रोमीटरने प्रत्येकाची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता, जिच्यावरून सेल किती भरला आहे ते कळते) वहीत उतरवायची, हे आमचे नेमाचे काम. एखादा सेल सतत मागे पडत असेल तर वही ते आधीच सांगते. दिवे बऱ्याच उशिरा सांगतात.

24 व्होल्टला शॉक बसत नाही म्हणून नवे लोक निर्धास्त असतात, पण विजेचा दाब कमी म्हणजे त्याच उजेडासाठी प्रवाह जास्त. फ्यूजबोर्डावरचा एखादा लग (वायरीच्या टोकाची धातूची जोडपट्टी) सैल होऊन तेथे केवळ 0.1 ओहमचा रोध आला, तरी 20 अँपिअरला 2 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, बल्ब पिवळे पडतात आणि तो लग हात लावू देत नाही इतका तापतो. जुन्या वायरींवरचे रबर तर इतके कडक झालेले असते की वायर वाकवली की कपचे पडतात. त्यामुळे दोष नसलेली वायर उगाच हलवायची नाही, असा येथे दंडक आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

स्वयंसेवक आहोत म्हणून नियम सैल होत नाहीत. ‘हलवू नये’ अशी लाल पाटी लागल्याशिवाय कोणी डब्याखाली शिरत नाही, आणि ज्या कामासाठी आपली पात्रता तपासून सही झालेली नसेल ते काम करता येत नाही.

एलईडी लावावेत की नाही, हा चहाच्या वेळचा कायमचा वाद आहे. बॅटरीच्या दृष्टीने त्यांना तोड नाही. माझे मत असे की लाकडी तक्तपोशीच्या कक्षांत साधे बल्बच राहावेत आणि शौचालये व गार्डच्या डब्यात एलईडी लावावेत, कारण तेथे कोणी सौंदर्य पाहायला जात नाही.

या वादाला डिसेंबरमध्ये धार येते. नाताळच्या गाड्या भरून धावत असतात, चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दिवे जवळजवळ दिवसभर लावावे लागतात. म्हणून ज्या डब्यांच्या सेलची ग्रॅव्हिटी उन्हाळ्यातच उतरलेली दिसते, ते ऑक्टोबरमध्ये शेडला लावण्याची यादी आम्ही आत्तापासून करू लागलो आहोत.