पाणंदीच्या चिखलात इलेक्ट्रिक माउंटन सायकल: किती वॉटची मोटर घ्यावी?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो: "जुनी माउंटन सायकल पडून आहे. तिला मोटर बसवून पाणंदीतून, शिवारातून फिरायचंय. किती वॉटची घेऊ?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. वॉटचा विचार शेवटी करा. चिखलात सायकल अडते ती ताकद कमी पडली म्हणून क्वचितच. टायर आणि फ्रेम यांच्यामधली जागा मातीने भरते, म्हणून ती अडते.

देशावरची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते आणि टायरवर थरावर थर चढवते. थोड्याच अंतरात चेनस्टेच्या (मागच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या) बेचक्यात मातीचा गोळा बसतो आणि चाक जाम होतं. बिनमोटरच्या सायकलवर अशा वेळी पाय आपोआप थांबतो. मोटर मात्र ओढतच राहते. मग एक तर चेन तुटते, नाहीतर डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) गोळ्यासकट स्पोकमध्ये शिरतो आणि तो जिथे अडकवलेला असतो तो हँगर वाकतो. मोटर जितकी दांडगी, तितकं नुकसान मोठं. कोकणातली जांभ्याची लाल माती एवढी चिकटत नाही, पण तिची कच ब्रेक पॅड आणि चेन खाते.

म्हणून आधी फ्रेम तपासा. टायर बसवून हवा भरा आणि चेनस्टेपाशी दोन्ही बाजूंनी करंगळी सहज फिरते का बघा. फिरत नसेल तर टायर अरुंद घ्या. काळ्या मातीत २.६ इंची जाड टायरपेक्षा २.१ ते २.२५ इंची, विरळ आणि उंच गुट्ट्यांचा टायर कितीतरी बरा. तो वरचा रेंदा कापून खालच्या घट्ट जमिनीला धरतो आणि फिरता फिरता माती झाडूनही टाकतो. ७० किलोच्या स्वाराला ट्यूबलेसमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआय हवा पुरते. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरा. पूर्ण लांबीचे मडगार्ड या मातीत लावूच नका, त्यांच्याखालीच गोळा बसतो.

फ्रेम ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची हवी. बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या आसाची) नळी ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंद आणि आट्यांची असावी. प्रेस-फिट (आटे नसलेली, दाबून बसवायची) असेल तर अडॅप्टरची खटपट मागे लागते.

आता मोटर. चाकातली हब मोटर डांबरावर उत्तम, पण चिखलाच्या चढावर चाक हळू फिरतं, मोटरही हळू फिरते आणि घेतलेली बरीचशी वीज उष्णतेत जाते. शिवाय मागचं चाक जड होतं आणि पंक्चर काढणं म्हणजे वायरी सोडवणं आलं. क्रँकपाशी (पेडलच्या दांड्यांपाशी) बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर सायकलचेच गिअर वापरते. चढ आला की खालचा गिअर टाकायचा, मोटर आपल्या वेगाने फिरत राहते. बाफांग कंपनीची ३६ व्होल्ट, २५० वॉटची बीबीएस०१ या कामाला पुरेशी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पेडल-असिस्ट (पेडल मारताना मोटर मदत करते अशा) सायकलला सूट मिळते ती मोटर पाव किलोवॉटच्या आत असेल, आणि ताशी २५ किलोमीटरला किंवा पेडल थांबताच मोटरची मदत बंद होत असेल तरच. त्याहून मोठी मोटर लावलीत तर कायद्याच्या नजरेत ती मोटार वाहन होते.

बसवताना लोक घाई करतात ती इथे. क्रँक पुलरने (क्रँक ओढून काढायच्या अवजाराने) क्रँक काढा, मग बॉटम ब्रॅकेट. त्याचे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पाना फिरवलात तर तो आणखी घट्ट बसेल. नळी आतून रॉकेलने पुसा, ग्रीस लावा आणि मोटर उजवीकडून आत सरकवा. सरकवण्याआधी नळीच्या खालून गिअरची केबल जाते का बघा. जात असेल तर तिचा रस्ता बदला, नाहीतर ती मोटरखाली चेंगरते आणि गिअर कधीच नीट बसत नाहीत. मोटर वर फिरवून डाउनट्यूबला (हँडलकडून खाली येणाऱ्या नळीला) टेकवा, मध्ये रबराचा तुकडा ठेवा. पेडल मारताना मोटर वरच्याच दिशेला ढकलली जाते, त्यामुळे आधीच टेकलेली असेल तर हलत नाही. डावीकडे दातेरी प्लेट, मग मोठा नट ३० ते ४० न्यूटन-मीटरने, त्यावर नट सैल होऊ न देणारी लॉकरिंग. पहिल्या ५० किलोमीटरनंतर हे सगळं पुन्हा आवळा. नट सैल झाला की मोटर डुलते आणि नळीचे आटे खाते.

बीबीएसमध्ये पायाचा जोर मोजणारा सेन्सर नाही, फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच तिला कळतं. त्यामुळे सुरुवातीला ती धक्का देते आणि ओल्या मातीत मागचं चाक जागीच फिरतं. प्रोग्रॅमिंग केबल घेऊन स्टार्ट करंट (सुरुवातीला मोटरला मिळणारा करंट) १० टक्क्यांच्या आसपास आणा, स्लो-स्टार्ट सौम्य ठेवा. टाँगशेंग कंपनीच्या टीएसडीझेड२ मोटरमध्ये असा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो आणि चिखलात तिचा ताबा जास्त चांगला राहतो. मात्र लांब चढाला तिच्यातला निळा नायलॉन गिअर तापून झिजतो. सुटा मिळतो, पण उघडझाप करायची तयारी हवी.

मिड-ड्राइव्हचा सगळा जोर चेनवर येतो. आठ किंवा नऊ स्पीडची चेन घ्या आणि स्टीलची, ११ ते ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच). बारा स्पीडची पातळ चेन इथे टिकत नाही. गिअर बदलताना पेडल क्षणभर थांबवा. चेन-चेकरवर (चेनची झीज मोजायच्या पट्टीवर) चेन ०.५ टक्के लांबलेली दिसली की चेन बदला, मग कॅसेट वाचते. ब्रेक हायड्रॉलिक, दोन्हीकडे १८० मिलिमीटरच्या डिस्क, आणि पॅड सिंटर्ड धातूचेच (धातूची पूड दाबून-तापवून केलेले). रेझिनचे पॅड ओल्या कचेत पाहता पाहता संपतात.

बॅटरी १०एस४पी (चार-चार समांतर सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले): ३५०० एमएएचच्या ४० सेल, म्हणजे ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास, साधारण ५०० वॉट-तास. चिखलात आणि चढाला किलोमीटरमागे २० ते २५ वॉट-तास धरा, म्हणजे २० ते २५ किलोमीटर मिळतील. पॅक घरी वेल्ड करू नका, बीएमएससकट (सेलची राखण करणाऱ्या सर्किटसकट) बांधून देणाऱ्याकडून घ्या. फ्रेमवर पाण्याची बाटली अडकवायच्या दोन बोल्टवरच बॅटरी तोलू नका. तिसरा रिवनट (नळीला भोक पाडून बसवायचा आट्यांचा नट) बसवा किंवा पट्टा आवळा.

पाणी शिरतं ते कनेक्टरमधून. प्रत्येक जोडाच्या अलीकडे वायरला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडेल. पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. डिस्प्लेवर २१ नंबरचा एरर आला तर घाबरू नका. स्पोकवरचं चुंबक आणि चेनस्टेवरचा वेगाचा सेन्सर यांच्यामध्ये माती बसलेली असते किंवा चुंबक सरकलेलं असतं.

ओढ्यात पाणी वीतभराहून खोल असेल तर उतरा आणि सायकल उचलून न्या, कारण मोटर नळीच्याही खाली लोंबते. सगळी मिळून सायकल २१-२२ किलो भरेल, तेव्हा चढावर ढकलताना डिस्प्लेचं वजाबाकीचं बटण दाबून धरा, वॉक-मोडमध्ये ती स्वतःच हळू पुढे सरकते.

घरी आल्यावर बॅटरी काढून ठेवा. साध्या नळीने आणि ब्रशने धुवा. प्रेशर वॉशरची धार सील ओलांडून बेअरिंगमध्ये जाते. ओल्या बॅटरीला चार्जर लावू नका. आठवडाभर सायकल काढायची नसेल तर पॅक पूर्ण ४२ व्होल्टवर न ठेवता ३७-३८ वर ठेवा.