तुम्ही विचारलंत म्हणून: मी मिस्सेतले वाचन का सोडले

“तुम्ही मिस्सेत वाचन करणे का सोडलेत?” हा प्रश्न मला गेली अनेक वर्षे दोन्ही बाजूंचे लोक विचारत आले आहेत. मिस्सा म्हणजे आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, सामूहिक उपासना; तिच्यात भाविकांपैकीच कोणीतरी उतारे आणि प्रार्थना मोठ्याने वाचतो. गावे वसई-विरार महापालिकेतून वगळावीत म्हणून माझ्याबरोबर मोर्च्यात चाललेल्यांना वाटते की मी घाबरलो, आणि महापालिका हवी असणाऱ्यांना वाटते की फादरांनी मला गप्प बसवले. दोन्ही खरे नाही.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा आमच्या पश्चिम पट्ट्यात काय उसळले, हे वसईकरांना सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीच्या सभा ऐकत आमची पिढी मोठी झाली. बावखले, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, बुजू नयेत, केळीच्या वाड्यांवर इमारती चढू नयेत, हा माझ्या श्रद्धेचाच भाग होता आणि आजही आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

२०१०च्या प्रायश्चित्तकाळातल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या, एका रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचण्याची पाळी माझी होती. महापालिकेची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. छापील कागदावर पाच प्रार्थना होत्या, सहावी मी आदल्या रात्री पेनाने खाली लिहिली आणि फादरांना न दाखवता वाचली: “आमची गावे गिळू पाहणाऱ्यांचे बेत हाणून पाड आणि त्यांना साथ देणाऱ्या आमच्याच भावांना सद्‌बुद्धी दे, म्हणून प्रार्थना करू या.” एरवी “प्रभू, आमची प्रार्थना ऐक” हा प्रतिसाद सगळ्या देवळातून एका आवाजात येतो. त्या दिवशी डावीकडची बाके जोरात बोलली, उजवीकडून काहीच आले नाही. तिसऱ्या बाकावर माझी आत्या बसली होती. तीच माझी धर्ममाता. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिने मला हातांवर धरले होते. तिचा मुलगा महापालिकेच्या बाजूने घरोघर फिरत होता, हे मला ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर ते वाक्य मी त्याच्यासाठीच लिहिले होते. आत्या उठली, गुडघा टेकून वेदीला वंदन केले आणि ख्रिस्तप्रसाद न घेता निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसली होती. तिने आत जाऊन विहिरीचे पाणी पेल्यात आणले आणि माझ्या हातात दिले. पाणी मचूळ होते, घोटभरही गिळवेना. ती म्हणाली, “तीन वर्षं आम्ही हे पितोय. नळ मागितला म्हणून आम्ही बेत करणारे झालो? ही विहीर तुझ्या प्रार्थनेत कुठं होती रे?”

मी उत्तर दिले नाही. नळाचे आश्वासन म्हणजे मतांचे आमिष आहे, असे मला तेव्हा म्हणायचे होते. ते बऱ्याच अंशी खरेही होते. पण तिच्या पेल्यातले पाणीही तितकेच खरे होते.

पुढे मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५चा ‘आधुनिक जगातील चर्च’ हा दस्तऐवज वाचला. ऐहिक प्रश्नांवर श्रद्धावंतांची प्रामाणिक मते वेगळी असू शकतात आणि तेव्हा केवळ आपल्याच मतासाठी चर्चचा अधिकार कोणी वापरू नये, असे त्याच्या ४३व्या परिच्छेदात आहे. मी नेमके तेच केले होते. आत्याला माझ्याशी वाद घालता आला असता, पण प्रार्थनेशी वाद कसा घालणार? तिच्यापुढे गप्प राहणे किंवा उठून जाणे एवढेच उरले होते.

मात्र माझ्यातला तो २०१०चा माणूस अजून हटत नाही. तो विचारतो, जमीन जात असताना देवळात फक्त पाऊसपाण्यासाठी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, तर ती बाजू घेणे नव्हे काय? बायबलमधले संदेष्टे काय सर्वांची संमती घेऊन बोलत होते? त्याचे मला खोडता येत नाही. फक्त एवढेच म्हणता येते की संदेष्ट्यांनी राजांना सुनावले. मी माझ्या आतेभावाला सुनावले, तेही त्याची आई समोर बसलेली असताना.

२०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो न्यायालयात अडकला. त्या वर्षांत आत्या गेली. शवपेटीला खांदा द्यायला आतेभावाने मला स्वतःहून पुढे बोलावले; त्या रविवारबद्दल आम्ही दोघे आजवर बोललेलो नाही. वाचकांची नवी यादी करताना यंदाही माझे नाव विचारले गेले. सहाव्या प्रार्थनेचा तो कागद अजून माझ्या बायबलात तसाच आहे.